हाताचा दोष

वस्तरा गालाला टेकला तशी मास्तरांनी मान फिरवली.

"लागलं का?" थोरल्याने विचारलं.

"नाही रे."

त्याने पुन्हा वस्तरा टेकवला. पुन्हा मान फिरली.

सलून दोघा भावांचं. धाकट्याच्या खुर्चीसाठी बाकावर तिघं ताटकळत होते. थोरल्याने बोलावलं, तर "बसतो की आम्ही" म्हणाले होते. गेले सहा महिने हेच चाललं होतं. धाकट्याला घास गिळायला उसंत नव्हती, आणि तीस वर्षांचा कसलेला थोरला आरसे पुसत उभा राहायचा.

त्याने वस्तरा खाली ठेवला.

"मास्तर, खरं सांगा. माझा हात गेला ना? थरथरतो का? मी रोज सकाळी हात पुढे धरून बघतो. मला काही दिसत नाही, पण गिऱ्हाइकाला कळतंच."

मास्तरांनी त्याला जवळ ये अशी खूण केली, आणि लगेच तळहात आडवा धरला. "नको, तिथूनच ऐक. हात लोण्यासारखा चालतो तुझा. तोंडाला वास येतो."

थोरल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तोंडावर हात ठेवूनच त्याने विचारलं, "म्हणजे हात ठीक आहे?"

"अरे, मी वासाचं बोलतोय!"

"ते कळलं हो. पण हात?"

"हाताला धाड भरलेली नाही!"

थोरला मटकन बाकावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. बाकावरचे तिघं एकमेकांकडे बघत राहिले.

त्याच दुपारी त्याने दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला. बाईंनी तासभर दात खरवडून साफ केले. "हिरड्या सुजल्यात. माउथवॉश लिहून देते. पण ते ब्रशच्या बदल्यात नाही हं. दोन्ही वेळा ब्रश करायचाच. झाकणातल्या खुणेपर्यंत घ्या, अर्धं मिनिट खुळखुळवा, थुंकून टाका. दोन आठवड्यांनी दाखवायला या."

संध्याकाळी मोरीत उभं राहून त्याने गाल फुगवले आणि बोटांवर तीस मोजले. जीभ चुरचुरली. चूळ टाकून वळला तर बायको दारात.

"तुला येत होता वास?"

"येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"हाताच्या काळजीनं तुमचं जेवण सुटलं होतं. त्यात मी आणखी कुठे भर घालू?"

पंधरा दिवसांनी त्या तिघांपैकी एकजण, धाकटा जेवायला गेलेला पाहून, नाइलाजाने थोरल्याच्या खुर्चीत बसला. थोरल्याने फेस लावला. हनुवटीखालचं नीट दिसावं म्हणून तो अगदी जवळ वाकला आणि श्वास रोखून थांबला. माणूस हलला नाही. थोरल्याने श्वास सोडला. तरी हलला नाही.

एक गाल झाला. दुसरा अर्ध्यावर आला तेव्हा बारीक घोरणं ऐकू आलं. माणसाचं डोकं हळूहळू कलंडलं आणि थोरल्याच्या डाव्या तळहातावर विसावलं. थोरल्याने वस्तरा बाजूला धरला, आणि तो तसाच उभा राहिला.