हरवलं-सापडलं

सहाव्यांदा तीच पिवळी छत्री मामांच्या टेबलावर आली. आणून देणारीही तीच, सातवीतली चष्मेवाली. छत्री ठेवायची, वहीत सही करायची आणि कोणी काही विचारायच्या आत पळायचं, हा तिचा शिरस्ता.

मामा शाळेचे शिपाई. घंटा द्यायची, नोटिसा फिरवायच्या आणि जिन्याशेजारच्या खोलीतलं हरवलेल्या वस्तूंचं कपाट सांभाळायचं, ही त्यांची कामं. कपाटावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहिली होती : 'सापडलेली वस्तू थेट मामांकडे द्यावी.' मुलं ती पाटी पाळतात याचा त्यांना अभिमान होता.

बायको गेली त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून दुपारचा डबाही ते या खोलीतच खायचे. आधी गेटवरच्या चौकीत वॉचमन आणि माळ्याबरोबर बसायचे. सुरुवातीला ते दोघे रोज हाक मारत. मामा रोज म्हणत, "तुम्ही बसा, मी आलोच." आणि जात नसत. मग हाका थांबल्या. आता आपण होऊन जायचं, तर कोणत्या तोंडाने?

छोट्या सुट्टीत छत्रीची मालकीण आली. चष्मेवालीच्याच वर्गातली. वर्षाच्या मध्येच शाळेत आलेली, मान कायम खाली.

"काय गं, डोकं तरी जागेवर आहे ना? की तेही एखाद्या बाकावर राहिलं?" मामा म्हणाले. "आकाशात ढगाचा पत्ता नाही. तू छत्री आणतेस काय, रोज विसरतेस काय!"

मुलगी आपल्या बुटांकडे बघत राहिली. मग बुटांनाच सांगावं तशी म्हणाली, "विसरत नाही मामा. ठेवते."

"ठेवतेस?"

"तिच्या बाकावर. म्हणजे ती मला परत द्यायला येईल. मग मी थँक्यू म्हणेन. मग पुढचंही पाठ केलंय मी. पण ती सरळ तुमच्याकडेच आणून देते."

मामांनी पाटीकडे पाहिलं. अक्षर छान वळणदार होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते खटकलं.

"मग तूच जा की तिच्याकडे."

"छे छे!" मुलगी अशी दचकली, जणू मामांनी तिला गच्चीवरून उडी मारायला सांगितली होती. छत्री छातीशी धरून ती निघूनही गेली.

मामांना तिची घाई ठाऊक होती. शनिवारी वर्गाची सहल होती. बसमध्ये दोघी-दोघींनी बसायचं आणि जोडीची नावं शुक्रवारपर्यंत यादीत लिहायची. यादी मामांनीच वर्गात लावली होती. जिला जोडी मिळणार नाही, तिची जागा मुख्याध्यापिकाबाईंच्या शेजारी. बाई प्रेमळ होत्या, पण जाताना आणि येताना पाढे विचारत. आणि उद्या शुक्रवार होता.

शुक्रवारी छोट्या सुट्टीत चष्मेवाली सातव्यांदा छत्री घेऊन आली.

"कपाट बंद आहे," मामा म्हणाले. "किल्ली हरवली."

"हरवलेल्या वस्तूंच्या कपाटाची?"

"हो. सापडली तर मलाच आणून दे." खिशातली किल्ली त्यांना टोचत होती.

"मग छत्रीचं काय करू?"

"जिची आहे तिला दे."

चष्मेवालीचा चेहरा पडला. "मला नाही जमत, मामा. रोज निघते तिच्याकडेच. अगदी बाकापर्यंत जाते. मग पाय आपोआप इकडे वळतात. तिला म्हणू तरी काय?"

मामांना हसू आवरेना. म्हणजे तिकडेही तोच आनंद होता! "काही म्हणू नकोस," ते म्हणाले. "नुसती छत्री पुढे कर. बाकीचं ती बघून घेईल."

ती गेली. मामा खिडकीशी आले. मैदानाच्या कडेला दोघी समोरासमोर उभ्या होत्या. छत्रीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. दोघी लालबुंद. पाठ केलेलं बहुतेक सगळं उडून गेलं होतं. कोणी बोलत नव्हतं, पण छत्रीही कोणी सोडत नव्हतं.

सुट्टी संपली. मामांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्याच्याकडेच पाठ फिरवली. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा घंटा चार मिनिटं उशिरा झाली. चौथ्या मिनिटाला कोण कोणाला काय म्हणालं देव जाणे, दोघी खिदळत सुटल्या. मग भर उन्हात छत्री उघडून तिच्याखालून वर्गाकडे गेल्या.

दुपारी मामांनी वर्गातली यादी काढून आणली. शेवटच्या ओळीत दोन नावं होती, दोन वेगळ्या अक्षरांत. यादी बाईंच्या टेबलावर ठेवून ते खोलीत आले. जेवणाची घंटा दिली. डबा हातात घेतला आणि जरा वेळ तसेच उभे राहिले.

मग ते गेटवर गेले. चौकीत वॉचमन आणि माळी डबे उघडत होते. दोघांनी वर पाहिलं.

"टपाल आलंय का?" मामांनी विचारलं.

"सकाळीच तर घेऊन गेलात, मामा."

"हो का? बरं बरं." मामांनी डबा बाकावर टेकवला आणि ते परत फिरले. एरवी झपाझप चालणारा माणूस, आज मुंगीच्या पावलाने निघाला. दहा पावलं झाली. अकरा. बारा.

"अहो मामा!" मागून वॉचमन ओरडला. "डबा विसरलात!"

मामा वळले.

"विसरलो नाही," ते म्हणाले. "ठेवलाय."