पोत्यावरचं इंजिन

रेल्वेतून रिटायर होऊन चरोदा गावात राहणाऱ्या लहानूभाऊंचा आपल्या जुन्या फियाटवर भारी जीव. दुरुस्तीसाठी इंजिन काढून त्यांनी शेडच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवलं होतं. तरी सकाळी गाडीला फडकं मारणं चुकत नसे.

आज फडकं मारता मारता हात बॉनेटला लागला आणि चटका बसला.

"ऊन लागलं असन," ते पुटपुटले. पण शेडमध्ये ऊन शिरलंच नव्हतं.

त्यांनी बॉनेट उघडलं. आत नुसती पोकळी, आणि तिच्यातून गरम वाफ तोंडावर आली. पोत्यावरचं इंजिन चाचपलं, तर ते थंडगार.

भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी ते दोन पावलं मागे सरले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी हाक मारली, "आले काय फिरून? मंग त्यायले घरात आना ना! कावून मांगच्या सीटवर बसवून ठेवलं?"