खिडकीसमोरचे बाण

बाण टार्गेटच्या कडेलाही न शिवता मेपलच्या जुन्या पाचोळ्यात शिरला आणि दिसेनासा झाला. नीनाने धनुष्य खाली केलं. मग तिने घराकडे पाहिलं. खिडकीत, चाकाच्या खुर्चीत, तिचे वडील सुमंतराव बसले होते. आयुष्यभर इंजिनांची डिझाइन्स केलेला माणूस. चूक दिसली की त्यांना बोलल्यावाचून राहवत नसे. उघड्या तावदानातून, जडावलेल्या जिभेने, त्यांनी सुनावलं की दोरी गालाला टेकण्याआधीच सुटते आहे.

"या डाव्या हाताला काही शिकायचंच नाहीये, बाबा," नीना म्हणाली. "तुझ्यावर गेलाय."

सुमंतराव अर्ध्या ओठांनी हसले.

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या त्या घरात आदल्या हिवाळ्यात दोन उजवे हात निकामी झाले होते. बर्फावर घसरून नीनाच्या खांद्याचा स्नायू फाटला. ऑपरेशन झालं, आणि दर वर्षी हरणांच्या शिकारीच्या मोसमात झाडावरच्या मचाणात बसून धुकं पाहणारी ही मुलगी जंगलाला पारखी झाली. ती आई-वडिलांकडे राहायला आली, त्याच महिन्यात सुमंतरावांना पक्षाघाताने गाठलं. आपलीच उजवी बाजू त्यांना शेजारी निजलेल्या परक्या माणसासारखी वाटू लागली.

डाव्या हाताने ते चष्मा लावत, टीव्ही लावत, वर्तमानपत्राची पानं उलटत. पण घास मात्र नाही. सांगलीच्या घरात लहानपणी तो हात ताटाकडे वळला की मनगटावर चापट बसे. चापट मारणारी माणसं केव्हाच गेली, चापट राहिली. त्या हाताने तोंडात गेलेलं अन्न हे अन्नच नव्हे, असं त्यांना खरोखर वाटे. चमचाही चालत नसे. म्हणून उत्तराबाई त्यांना भरवीत. बायकोच्या हातून, लहान मुलासारखं, आ वासून खाणं त्यांना असह्य होई. चार घासांतच ते पोट भरल्याचं सांगत. वजन उतरत चाललं होतं. असंच चाललं तर पोटात नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नीना डाव्या हाताने जेवी. तिच्या बोटांतून भात सांडे. सुमंतराव नजर वळवीत.

मग उन्हाळा आला आणि बाणांच्या मागे मागे निघून गेला. नीनाने डावखुऱ्यांचं धनुष्य आणलं. रोज संध्याकाळी ती बरोबर त्यांच्या खिडकीसमोर उभी राही. कलत्या उन्हात तिची सावली गवतावरून लांबत येऊन भिंतीला टेकायची. दोरीचा मंद झंकार, मग शांतता, मग चुकलेला बाण कुंपणाच्या लाकडावर आपटल्याचा आवाज. पाय कुठे ठेवावेत, श्वास कधी रोखावा, हे सुमंतराव खुर्चीतून सांगत. रात्री झोपेतही त्यांना बाण दिसत. हळू, पाण्यातून पोहत निघाल्यासारखे. पानं पिकेपर्यंत तो हात शहाणा झाला. कुंपणाचा आवाज थांबला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नीना उत्तरेच्या जंगलात गेली आणि हरीण घेऊन आली. ती सांगत होती, धुकंच घट्ट होऊन त्याचं हरीण झालं असावं, तशी ती मादी समोर आली. डाव्या हाताने बाण कधी सोडला ते आपल्यालाही कळलं नाही. उत्तराबाईंनी कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला. तो दरवळ त्या घराने कित्येक महिन्यांत घेतला नव्हता. नीनाने भाकरीचं ताट हळूच सुमंतरावांच्या डाव्या हाताजवळ सरकवलं. ते त्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिले.

"तुला जमलं," ते म्हणाले. "तुझं वय आहे."

मग त्यांनी उत्तराबाईंकडे तोंड वळवलं, चार घास खाल्ले आणि पोट भरल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना पहाटेच जाग आली आणि पलंगावरूनच त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. रात्री बर्फ पडून गेलं होतं. जमीन आणि आकाश एकाच फिकट निळ्या रंगाची झाली होती, आणि त्या निळाईच्या पार टोकाला नीना उभी होती. तिच्या हातात वेगळं धनुष्य होतं. तिने दोरी ओढली. उजव्या हाताने. त्या हालचालीत कष्ट नव्हते. झोपेत कूस बदलावी इतकी ती सहज होती. बाण मधोमध रुतला. दुसरा त्याला खेटून. तिसरा इतका जवळ, की पिसं पिसांत गुंतली. तिच्या खांद्यात दुखण्याची आठवणसुद्धा उरली नव्हती.

असा हात एका रात्रीत बरा होत नाही. एवढं त्यांना कळत होतं. तो केव्हा बरा झाला असेल? वसंतात? उन्हाळ्याच्या सुरुवातीला? खिडकीसमोर चुकलेले सगळे बाण आता एकेक करून सुमंतरावांच्या आत येऊन रुतू लागले. नीनाने बाण उपटले, धनुष्य गाडीच्या डिकीत ठेवलं आणि आवाज न करता झाकण लावलं.

दुपारी कालचाच रस्सा गरम झाला होता. उत्तराबाईंनी घास उचलला, तेव्हा सुमंतरावांनी मान बाजूला घेतली. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला. भाकरी ताटभर घसरत राहिली; एका हाताने ती तुटेना. अखेर एक वेडावाकडा तुकडा निघाला, रश्श्यात बुडला, हनुवटीवर ओघळत ओठांपर्यंत पोहोचला. ते सावकाश चावत राहिले. उत्तराबाईंचा घास हवेतच थांबला होता. नीनाची डावी बोटं भातात तशीच राहिली होती.

सुमंतरावांनी घास गिळला आणि तिच्या ताटाकडे पाहिलं.

"नीना," ते म्हणाले, "आता तू उजव्या हाताने जेव."