सुतकातली पूजा

बायको कशानं गेली, ते भानुदासला तिच्या दहाव्याच्या दिवशी कळलं. तो काम करायचा त्या भंगाराच्या गोदामात घातक किरणं सोडणारी नळी सापडली. तसलीच एक चकचकीत नळी त्यानं घरी आणली होती. बायकोनं ती खंडेनवमीला पुजून देव्हाऱ्यातच ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी त्याचे तळहात निरखले, केस हलकेच ओढून पाहिले. एकही निघाला नाही. बायकोचे मुठीनं गळले होते.

"वाचलात तुम्ही."

"पूजा तीच करायची, बाई. मी लांबूनच हात जोडायचो."

"नळी कुठाय आता?"

"शेजारी. सुतकात आम्हाला पूजा चालत नाही, म्हणून देव मालनवहिनींकडे दिलेत."

बोलता बोलता त्याला आठवलं. कालच वहिनी म्हणाल्या होत्या, "भावजी, तुमचे देव भारी कडक. बोटं बघा, भाजल्यागत लाल झालीत."

वहिनींना तपासायचं राहिलं होतं.