हौसाआत्तीचं नाव

भाच्याच्या पीएचडीच्या ओपन व्हायवाला हौसाआत्ती नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मेंढ्यांच्या झाडपाल्याच्या औषधांवर रोहिदासचा प्रबंध होता आणि त्यातली निम्मी औषधं तिनंच सांगितलेली. इंग्रजी तिला ओ की ठो कळत नव्हतं. आपलं नाव कधी येतंय, एवढ्यासाठीच ती जिवाचा कान करून बसली होती.

रोहिदासला ते समोर दिसत होतं. पहिल्या मसुद्यात त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिचं नाव पानोपानी लिहिलं होतं. "हे संशोधन आहे की आत्याबाईंचं कौतुक?" म्हणत मार्गदर्शक सरांनी सगळी पानं तांबड्या शाईनं रंगवली. मग दोन वर्षं तो व्याकरण घोकत राहिला, शास्त्रीय लेखनाचे वर्ग केले. भाषा इस्त्री मारल्यासारखी सरळ झाली आणि आत्तीची 'माहितीदार क्रमांक चार' झाली. आज माइक हातात असूनही ते नाव घ्यायची त्याची छाती होईना. नुसतं ओठापर्यंत येऊन परत जात होतं.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" अध्यक्षांनी रिवाज म्हणून मराठीतून विचारलं.

आत्ती उठली. "पोरा, समदं ग्वाड बोललास. पर ही औषधं तुला शिकवली कुणी, ते ऱ्हायलं की रं."

सभागृह हसलं. सरांनी डोळे वटारले.

रोहिदास माइक बाजूला धरून हळूच म्हणाला, "तूच की, आत्ती."

"मला ठावं हाय," आत्ती म्हणाली. "ह्यास्नी सांग."