ढगाखालची क्रेन

थोरल्याला लाज म्हणून नव्हती. गच्चीवरचे कपडे वाऱ्यानं उडत होते, उशीचा अभ्रा शेजारणीच्या टाकीवर जाऊन बसला होता, आणि हा ढिम्म. तिकाटण्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याला डोळा. समोर शहराच्या उंच इमारतींवर ढग चढत होता, काळ्या डोंगराला पाय फुटल्यासारखा.

"डोळा काढ त्या डबड्यातून!" आई कडाडली. "लग्नात नवरी सोडून पंख्याचे फोटो काढणारा तू, ढग काय सापडणार तुला? आणि काढतोस तरी कुठे? मघापासून एकदाही खटका वाजला नाही."

त्यानं भिंग आणखी थोडं फिरवलं.

"धाकट्याकडून शीक जरा. आभाळाला टेकून क्रेन चालवतो, पण आईची काळजी आहे त्याला. वारा सुटल्याबरोबर फोन आला. 'उतरलो गं, खाली चहा पितोय.' आणि तुला हाका मारून माझा घसा बसला."

थोरल्यानं मानही वळवली नाही. मग मात्र तिचा संयम सुटला. कोपरानं त्याला बाजूला सारून तिनं स्वतःच डोळा लावला.

आत ढग नव्हताच. क्रेन होती. माथ्याला काचेची केबिन, आणि केबिनीत लाल शर्ट. सकाळी तिनंच इस्त्री करून दिलेला.

"हा तर वरच आहे."

"लोखंडाची मोळी लटकतेय, आई. खाली माणसं आहेत. ती टेकवल्याशिवाय त्याला उतरता येत नाही."

"मग फोन?"

"तू घाबरू नयेस म्हणून."

मोळी हेलकावत खाली गेली. टेकली. दुसऱ्याच क्षणी क्रेनचा लांब हात वाऱ्यासरशी गरकन फिरला. ती किंचाळली.

"त्यानंच मोकळा सोडलाय. अडवून धरला तर मोडतो," थोरला म्हणाला आणि पुन्हा कॅमेऱ्याला चिकटला. "निघाला बाहेर. शिडीवर आहे."

तेवढ्यात पावसाचा पडदा आला. आधी क्रेन गेली, मग इमारती, मग ढगसुद्धा. तिनं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

थोरला हळूच मागे सरला. "आता काहीच दिसत नाही गं."

चिंब भिजलेल्या आईनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याचं डोकं परत कॅमेऱ्याकडे दाबलं.

"डोळा काढलास तर याद राख! तू बघतोयस म्हणून तो धरून आहे."