कानाचा ब्रेक

"काढा एकदाची सगळी मळमळ," बायको म्हणाली. "ती यायच्या आत पोट रिकामं करा. मग मात्र गोड बोलायचं."

उन्हामुळे पडदा ओढलेल्या उघड्या खिडकीशी मिस्त्री खुर्ची ओढून बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, नखांतलं ग्रीस ब्रशने घासून काढलेलं, केस चापून बसवलेले. थाट नवरदेवाचा, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. लेक आज दोन वर्षांनी घरी येणार होती. तिच्या नव्या गाडीतून. "बाबा, एकदा फक्त शेजारी बसा," ती फोनवर म्हणाली होती. "नाही आवडली, तर परत हा विषय काढणार नाही. आपलं बोलणं तरी सुरू होईल." बरेच आढेवेढे घेऊन मिस्त्रींनी हो म्हटलं होतं.

गॅरेज घराला लागूनच होतं. गाडी कोपऱ्यावर वळली की मिस्त्री घरात बसून सांगायचे, "डॉक्टर आले. एक प्लग गेलाय त्यांचा." सगळी आळी त्यांना कानसेन म्हणायची. पण या कानाचा खरा उपयोग घरातच ठाऊक होता. मिस्त्रींची जीभ तिखट. कुणी येणार असलं की त्याच्याबद्दलचं मनातलं सगळं आधी भडाभडा बोलून टाकायचं, हा त्यांचा जुना रिवाज. कोपऱ्यावर इंजिन ऐकू आलं की त्यांचं बोट वर व्हायचं आणि बडबड बंद. माणूस दारात आला की, "या, या! तुमचीच आठवण काढत होतो!" यातलं खोटं काहीच नसायचं. राग वरवरचा असायचा, तो सांडून गेला की तळाशी गोडच निघायचं. इतक्या वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता. "यांच्या तोंडाचा ब्रेक कानात आहे," बायको म्हणायची.

लेकीला घरात ठिणगी म्हणत. रांगत होती तेव्हापासून ती खेळायला स्पार्क प्लग मागायची. शाळा सुटली की दप्तर टाकून थेट गाडीखाली. हात बापाचा, कान बापाचा. आणि तीच एक दिवस शोरूममध्ये नोकरीला लागली, स्वस्तातल्या चिनी विजेच्या गाड्या विकायला. जहाजं भरभरून त्या गाड्या देशोदेशीच्या बंदरांत उतरत होत्या. मिस्त्री आधी हसले. "मुकं खेळणं आहे. सेल संपला की मुलं फेकून देतात, तसं होईल." मग डॉक्टरांनी एक घेतली. मग मुख्याध्यापिकाबाईंनी. टॅक्सीवाल्यांनी तर रांगच लावली. आता गॅरेजच्या दारात मांजर झोपायचं, आणि त्याला उठवायलाही कुणी येत नसे.

बायकोने सकाळीच फाटक सताड उघडून ठेवलं होतं. कोऱ्या गाडीवर धुरळा उडायला नको, म्हणून पाइप लावून अंगणातली माती चांगली भिजवली होती.

"बोला ना," ती म्हणाली.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" मिस्त्री एकदम भडकले. "चिन्यांनी पोटावर पाय दिला, ते सोसलं असतं. ते कुठले, आपण कुठले. पण दारोदार फिरून त्या गाड्या गळ्यात मारणारी माझीच लेक? डॉक्टरांनासुद्धा हिनंच विकली! हिच्या हातात मी पाना दिला, तो दिवसच काळा. दिलाच नसता तर बरं झालं असतं."

"अहो, काहीतरीच काय!"

"पोट रिकामं करा म्हणालीस ना? झालं."

खोलीत नुसता पंखा फिरत राहिला. मिस्त्री बराच वेळ शर्टाची बाही दुमडत, पुन्हा सोडत राहिले. मग त्यांचा आवाज खाली आला.

"खरं सांगू? तो पाना तिच्याइतका कुणाच्याच हातात शोभला नाही. माझ्यासुद्धा. इंजिनांचे दिवस सरले, त्यात पोरीचा काय दोष? मला दिसलं नाही, ते तिला दिसलं. बसेन तिच्या शेजारी. म्हणेन, ठिणगे, आता तू शिकव."

बायकोने पदराने डोळे टिपले. "एवढंच बोला तिच्यासमोर. बाकी काही नको."

"बोलेन. येऊ दे."

दोघं वाट पाहत बसली. चहावर साय धरली. यायची वेळ टळून गेली.

"अजून कशी नाही आली हो?"

"आली असती तर ऐकू नसतं का आलं?" मिस्त्री म्हणाले, आणि सवयीने वर उचललेलं बोट तसंच हवेत राहिलं.

विजेच्या गाडीला इंजिन नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. मुकी गाडी म्हणून तिची टिंगल त्यांनीच केली होती. पण डोक्याला ठाऊक असलेलं कानाला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते अनवाणीच बाहेर धावले. भिजलेल्या मातीवर चाकांचे ताजे ठसे होते. फाटकातून खिडकीपर्यंत आलेले, आणि खिडकीपासून मागे फाटकाबाहेर गेलेले. चपलेचा ठसा एकही नव्हता.

"म्हणजे ते पान्याचं..." बायकोने तोंडावर हात धरला. मग घाईघाईने म्हणाली, "पण पुढचंही ऐकलं असेल ना तिनं? तुम्ही शिकव म्हणालात, ते? ऐकून हसत गेली असेल. थांबा, मी फोन लावते."

मिस्त्री खिडकीखाली उकिडवे बसले. या गाड्या बॅटरीमुळे जड असतात. ओल्या मातीत थोडा वेळ उभी राहिली, तरी जागा दबते. त्यांनी ठशावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. आत फोन नुसताच वाजत होता.

"ऐकलं असेल ना हो?"

"नाही गं," मिस्त्री म्हणाले. "चाकं रुतलेली नाहीत."